माहेरचा मृदंग

मुंबईच्या खोलीवरच्या मंडळींनो, हे पत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

आज भाट्याला सुरूच्या बनात दिवसभर जाखडी नाचाची स्पर्धा होती. खाऱ्या वाऱ्याने आपल्या मृदंगाचं कातडं सैल पडलं. आपल्या मृदंगवाल्या वसंताने तो कातडं ताणायला उन्हात ठेवला आणि मला राखणीला बसवलं. तेवढ्यात माझ्या माहेरची पार्टी नाचायला उभी राहिली. गायला माझा धाकटा भाऊ गणपत. बांधावरच्या फणसावरून सहा वर्षं आमचं बोलणं नाही, पण मेल्याचा गळा गोड. मी ऐकत बसले आणि इकडे कातडं तापून टरकन फाटलं.

पुढची बारी आपली. मृदंगाशिवाय उभं राहिलो असतो तर सगळी पंचक्रोशी हसली असती. वसंता डोकं धरून बसला. चूक माझी, म्हणून मीच उठले आणि गणपतसमोर जाऊन उभी राहिले.

"तुमचा मृदंग दे."

"आज बरी भावाची आठवण झाली, ताय?"

"आठवण नाय, मृदंग हवाय. देतोस की जाऊ?"

त्याचे गडी "देऊ नका, बुवा" म्हणून ओरडत होते. त्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली. मग स्वतः मृदंग उचलून माझ्या हातात दिला.

आपण जिंकलो. निकाल ऐकून गणपत मृदंग न घेताच टेम्पोत बसला. मी हाक मारली, त्याने मान वळवली नाही.

मृदंग आता माझ्या ओटीवर आहे. वसंताकडून पाठवू, की मीच घेऊन जाऊ? दोन्हीपैकी एक काय ते लिहा. उपदेश नको.