फळ्यावरचं शून्य

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पांढऱ्या फळ्यावर शून्य लागलं आणि दुसऱ्या मजल्यावर एकच गलका झाला. कोणी टेबल बडवलं, कोणी शिट्टी मारली. मुख्य प्रोग्रॅमरला सगळे झटपट म्हणत. त्याने बसल्या बसल्या खुर्चीसकट दोन गिरक्या घेतल्या. हे शून्य म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या न सुटलेल्या दोषांचा आकडा. गेल्या सोमवारी तिथे त्रेसष्ट होते.

शून्य लिहिणाऱ्या बाईंना लोक तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे चाळणी. दोन्ही त्यांना ठाऊक होतं. तयार सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी तपासून घेणं हे त्यांचं काम.

"पीठ खाली, कोंडा वर," झटपट नव्या माणसांना समजावायचा, "आणि आपण सगळे कोंडा!"

ताईंचं तपासण्याचं वेड जुनं. तरुणपणी सात वर्षं त्या कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर होत्या. सदरा हातात आला की आधी उलटा करायचा, मग शिवण बघायची. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा त्यांनी संध्याकाळच्या वर्गात कॉम्प्युटर शिकून घेतला आणि इथे मुलाखतीला आल्या. अर्ज स्क्रीनवर भरायचा होता. त्यांनी मुद्दाम पुढच्या वर्षातली जन्मतारीख टाकली आणि अर्जाने ती मुकाट्याने घेतली. "अहो, तुमच्या हिशेबाने मी अजून जन्मालाच यायचेय," त्या मुलाखत घेणाऱ्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या. नोकरी तिथेच पक्की झाली.

त्याला सोळा वर्षं झाली. मधल्या काळात ताईंनी या कामाला शिस्त लावली. ज्याने लिहिलं त्याने तपासायचं नाही. सापडलेला प्रत्येक दोष नोंदवायचा. आणि सगळ्यात कडक नियम असा, की एकही दोष उघडा असेल तोवर माल दाराबाहेर जाणार नाही. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या प्रकल्पातून पाच वेळा माल गेला आणि पाचही वेळा फळ्यावर शून्य होतं. बाकीच्या प्रकल्पांत बोंब होती, म्हणून मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं, की आज चार वाजता ताईंनी या सहाव्या कामावर सही केली की लगेच त्यांना कचेरीच्या सातही प्रकल्पांच्या गुणवत्तेचं प्रमुखपद द्यायचं. पत्र टाइप होऊन तयार होतं.

घरी हे कळल्यापासून ताईंच्या यजमानांना, जे शाळेत चित्रकला शिकवत, टिंगलीला विषय मिळाला होता.

"आता घरातही शून्य दोष लागणार का गं?"

"तुमच्यापासून सुरुवात केली तर निवृत्तीपर्यंत पुरेल," ताई केसांना पिन लावत म्हणाल्या. पण आरशात त्यांचं हसू मावत नव्हतं. सातच्या सात प्रकल्प! कारखान्यातल्या टेबलावरून इथवर!

सहावं काम होतं इस्पितळाचं. कोणत्या खाटेवरच्या रुग्णाला कोणतं औषध किती वाजता द्यायचं, हे सिस्टरच्या हातातल्या टॅबवर दिसणार. औषध दिलं की 'दिलं' या खुणेवर बोट ठेवायचं आणि ती ओळ हिरवी व्हायची. सोपं, सुटसुटीत काम. अकरा वाजता इस्पितळाच्या मोठ्या सिस्टर ते बघायला आल्या. उंच, खणखणीत आवाजाच्या बाई. वॉर्डात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या. त्यांनी टॅब हातात घेतला, चार ओळी हिरव्या केल्या आणि समाधानाने मान डोलावली.

"छान आहे हो. फक्त एक सांगा. आम्ही पेशंट हलवत असताना औषध दिलं तर चालेल ना?"

"म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"सकाळी आठला डॉक्टरांची फेरी असते. याला तिकडे न्या, त्याला इकडे आणा, असं सगळं तेव्हाच सांगतात. आणि आठचीच औषधं असतात. एक सिस्टर गोळी देतेय, दुसरी तिकडे टेबलापाशी टॅबवर पेशंटची खाट बदलतेय. रोजचं आहे आमचं ते."

"रोज?"

"रोज म्हणजे काय, दहा-दहा वेळा."

झटपट म्हणाला, "चालेल ना! न चालायला काय झालं?"

पण टेबलाच्या टोकाला बसलेल्या चष्मेवालीने मान खाली घातली. ही तपासणाऱ्यांतली सगळ्यात नवी, चार महिन्यांपूर्वी लागलेली. ताईंच्या नजरेतून ती मान सुटली नाही. त्यांना गुरुवारची एक नोंद आठवली.

इथे त्या कचेरीची एक रीत सांगायला हवी. नोंदी दोन खणांत जात. एक खण दोषांचा, दुसरा सूचनांचा. दोष सुधारावाच लागे. सूचनेचा विचार सवडीने केला तरी चाले. फळ्यावर आकडा लागायचा तो फक्त दोषांचा. मग शेवटच्या आठवड्यात, शून्य गाठायची घाई झाली, की बारीकसारीक दोषांचं नाव बदलून त्यांना सूचनांच्या खणात सरकवायचं. कोणी याला लबाडी म्हणत नव्हतं. याला वर्गीकरण म्हणत.

ताईंनी सूचनांचा खण उघडला. एकेचाळीस नोंदी होत्या. त्या भराभर वाचत गेल्या. रंग जरा फिका करावा, अक्षर मोठं असावं, या खऱ्या सूचना. पण मध्येच कुठे बटण दोनदा दाबावं लागतं, कुठे तारीख उलटी दिसते. त्यांनी मोजले तर नऊ दोष सूचनेचा सदरा घालून बसले होते. नववी नोंद चष्मेवालीची: 'रुग्ण हलवताना स्क्रीन रिफ्रेश करावी.' आणि खाली तिचे मूळ शब्द: 'खाट बदलताना दिलं ही खूण कधी कधी पुसली जाते. वीस वेळा केल्यावर एकदा दिसलं.' झटपटला ते पुन्हा करून दाखवता आलं नव्हतं. नाव बदलायला मंजुरी कोणाची? ताईंची. गुरुवारी, पाच वाजून चाळीस मिनिटांनी.

"ताई, ते एकदाच झालं होतं," चष्मेवाली पुटपुटली. "मला वाटलं माझंच चुकलं असेल."

"तुझं काही चुकलं नाही गं. उठ. दुसरा टॅब आण. सिस्टर, अर्धा तास द्याल? तुमच्या वॉर्डात जसं करता अगदी तसं करायचंय."

"अर्धा काय, तास घ्या!" सिस्टरनी बाह्या सावरल्या.

मग जे सुरू झालं ते बघायला तिसऱ्या मजल्यावरची माणसंसुद्धा जिना उतरून आली. सिस्टर एका टॅबवर, चष्मेवाली दुसऱ्यावर, मध्ये ताई उभ्या. "एक, दोन, तीन!" तीनला एकीने 'दिलं' दाबायचं, दुसरीने खाट बदलायची. पहिल्यांदा सगळं ठीक. दुसऱ्यांदा ठीक. पाचव्यांदा ठीक.

"सांगितलं ना, चालतंय," झटपट म्हणाला. पण तोही आता खुर्चीवरून उठून पुढे आला होता.

"तुम्ही आकडे मोजताय म्हणून चालतंय," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्डात कोण एक-दोन-तीन म्हणतं? पोरी, तू माझ्याकडे बघूच नकोस. मला वाटेल तेव्हा मी दाबीन, तू आपली खाट बदलत राहा."

अकराव्या खेपेला हिरवी झालेली ओळ डोळ्यांदेखत पुन्हा लाल झाली. औषध द्यायचं बाकी आहे!

"गेली! गेली! खूण गेली!" चष्मेवाली किंचाळली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. झटपटने डोक्याला हात लावला आणि मग तोच हात तिच्यापुढे करून तिचा हात हलवला. "काय पकडलंयस! कुठे लपलंय ते आता कळलं मला. दोघींचं लिहिणं एकाच क्षणी आलं की दुसरी पहिलीचं पुसतेय. आण तो कीबोर्ड!"

सिस्टर मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या लाल ओळीकडे बघत होत्या. "हे हृदयाचं औषध आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुढच्या पाळीच्या मुलीने ही ओळ बघितली असती तर पुन्हा दिलं असतं."

ताईंनी फळ्याकडे जाऊन शून्य पुसलं आणि नऊ लिहिले. मग पदर नीट करून त्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या. तेव्हा साडेबारा वाजले होते, चाराला अवकाश होता. टेबलावर ते पत्र वरच पडलेलं होतं.

"साहेब, आज सही होणार नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. गुरुवारची मंजुरी आपलीच, हेसुद्धा. साहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे ही पाच शून्यं..."

"त्यांतली किती खरी, ते आज मला सांगता येणार नाही. नियम मीच केला. शून्य दिसलं पाहिजे म्हटलं, तर लोकांनी शून्य दाखवलं. मीही दाखवलं."

"गिऱ्हाईक बाहेर बसलंय, ताई! त्यांच्यासमोर दोष शोधलात?"

"त्यांनीच शोधून दिला."

साहेब उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. त्यांनी ते पत्र उचलून खणात टाकलं आणि खण लावला. "हे आता नाही देता येणार. वरच्यांना काय सांगू? किती दिवस हवेत?"

"आठ."

"आणि फळ्यावर काय लावणार?"

"आकडा नको. प्रत्येक दोषापुढे एकच गोष्ट लिहायची, यामुळे कोणाला काय इजा होईल. ते लिहिल्याशिवाय नाव बदलायचं नाही."

साहेबांनी नुसती मान हलवली. ती होकाराची होती की वैतागाची, ते कळलं नाही.

ताई बाहेर आल्या. सोळा वर्षांत जे मागितलं नव्हतं ते हातात येऊन गेलं होतं. पण मजल्यावर शोक करायला कोणाला सवड नव्हती. झटपटच्या खुर्चीमागे पाच जण उभे, सिस्टर वॉर्डातल्या आणखी भानगडी सांगतायत आणि चष्मेवाली धावत्या हाताने टिपून घेतेय.

"ताई, आणखी दोन सापडले!" ती ओरडली.

"शाब्बास! लिही पटापट."

दोन वाजेपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पसरली होती. सव्वादोनला तिसऱ्या मजल्यावरच्या प्रकल्पाचे प्रमुख दारात येऊन घुटमळले. टक्कल पडलेले, एरवी ताईंशी कडाकडा भांडणारे गृहस्थ. त्यांनी आजूबाजूला बघून आवाज उतरवला.

"ताई, आमच्याही सूचनांच्या खणात सतरा आहेत. कोणाला सांगायचं ते कळेना."

ताईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि कोरा कागद पुढे घेतला.

"बसा, भाऊ. सगळ्यात लाज वाटणारा आधी सांगा."