रथापुढचा गुलाल आणि लेकीचा कॅमेरा

गड्यांनो, आज लेकीला घेऊन सांगलीला गेलो होतो. तिला पहिला डीएसएलआर कॅमेरा घ्यायचा होता.

दुकानदार मेगापिक्सेल सांगत होता, दोन लेन्सचा सेट घ्या म्हणत होता. मी लगेच मान डोलावली. पोरगी मात्र म्हणाली, "काका, जवळचं-लांबचं दोन्ही येईल अशी एकच लेन्स द्या. म्हसवडच्या रथापुढं लेन्स बदलायला गेलं की गुलाल आत जातो."

मी गारच पडलो!

पंच्याण्णव साली मी पहिला रोलचा कॅमेरा घेतला आणि थेट म्हसवडच्या यात्रेत सिद्धनाथाच्या रथापुढं उभा राहिलो. ऐन गुलालात रोल बदलायला मागचं झाकण उघडलं. गुलालाचे कण आत गेले आणि नव्या रोलच्या सगळ्या फोटोंवर आडव्या रेघा आल्या. लाजेनं ते फोटो ट्रंकेत तळाला टाकले, कुणाला दाखवले न्हाईत.

दुकानाबाहेर विचारलं, "तुला गं हे कुणी शिकवलं?"

"तुमीच की, पप्पा. ट्रंकेतल्या फोटोंच्या मागं लिहून ठेवलंय, गुलालात कॅमेरा उघडू नये."

लय भारी वाटलं राव! माझे चांगले फोटो घरभर भिंतीवर हायत. पोरगी शिकली ती फसलेल्या फोटोंवरनं.

तुमी काय दडवलंय ट्रंकेत? कुलूप तेवढं लावू नका.