राजासाठी पडणाऱ्याची बायको

सालोमेआ कुर्जेलला क्राकूव शहरातल्या झ्वेझिन्येत्स वस्तीत कुणी सालोमेआ म्हणत नसे. लहानथोर सगळे तिला 'पडणाऱ्याची साल्का' म्हणत. तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे, कारण नवरा खरोखरच पडण्यासाठी नेमलेला होता.

राजा गेला की वावेल टेकडीवरच्या कॅथीड्रलमध्ये त्याचं चिलखत घातलेला एक स्वार घोड्यावरून आत येतो. तो थेट शवपेटीपाशी जाऊन थांबतो, दरबाराचा मार्शल आपली काठी कडकन मोडतो, आणि त्यासरशी स्वार घोड्यावरून खाली कोसळतो. लोखंडाचा तो आवाज दाराबाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला पाहिजे, म्हणजे राजा पडला हे सगळ्यांना कळतं. हा स्वार राज्याभिषेकाच्याच वर्षी निवडतात. वय राजाचं, बांधा राजाचा, आणि अट एकच: राजाच्या आधी मरायचं नाही. ओल्ब्राख्त राजा गादीवर बसला तेव्हा बिअरची पिंपं वाहणारा विंत्सेंती कुर्जेल नेमका त्याच्या मापाचा निघाला. नवी नवरी असलेली साल्का तेव्हा गल्लीभर सांगत सुटली होती, की राजाचा डगला माझ्या नवऱ्याला बसतो. त्या डगल्यासोबत आणखी काय काय गळ्यात येणार आहे, हे त्या वयात कुणाला सुचतं?

यागिएल्लो घराण्याचे राजे पिढ्यान्पिढ्या असेच पडत आले. बार्बारा राणीला फार पूर्वी मुलगा झाला म्हणून घराणं टिकलं, नाहीतर तिथेच दिवा विझला असता, असं शाळेतले मास्तर सांगतात. मग काय झालं असतं यावर बिअरच्या गुत्त्यात माणसं तासन्‌तास वाद घालतात. कुणी म्हणतं, परदेशातून राजे उसने आणावे लागले असते. कुणी म्हणतं, शेजाऱ्यांनी देशाचे लचके तोडून नकाशावरून नावच पुसून टाकलं असतं. विंत्सेंती अशा वेळी म्हणे, बार्बाराबाईला मूल झालं नसतं तर मी तरी धड कंबर घेऊन निजलो असतो.

कारण कंबर आता धड राहिली नव्हती. तरुणपणी तो दर शरदात अंगणात गवताची गादी पसरून पडण्याचा सराव करी आणि शेजारणी कुंपणावरून हसत. आता तो सत्तरी ओलांडून गेला होता. मागच्या हिवाळ्यात विहिरीपाशी बर्फावरून पाय घसरला आणि डावा खुबा दुखावला, तो दुखावलाच. डॉक्टरने साल्काला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी एकदा पडला तर उठायचा नाही. त्याच आठवड्यात वावेलवरून बातमी आली, की राजाची छाती भरली आहे आणि तो अंथरुणातून उठत नाही.

विधींचे कारभारी तोपोल्स्कीसाहेब स्वतः घरी आले. भले गृहस्थ, बोलताना टोपी हातात धरून बसणारे. साल्काने त्यांच्यापुढे झुरेकच्या गरम, आंबट सूपचा वाडगा ठेवला. ते म्हणाले, नाटकमंडळीतला एक तरुण नट तयार आहे, त्याला पडायचं कसब आहे, चिलखताच्या आत कोण आहे ते कुणाला दिसणार? साल्काचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात विंत्सेंतीने चमचा खाली ठेवला.

"राजाला मरायला बदली माणूस मिळालाय का?" त्याने विचारलं.

तोपोल्स्कीसाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग मलाही नको."

कारभारी गेल्यावर साल्काने त्याला सोडलं नाही. म्हातारा आडमुठा आहे, त्याला बायकोची पर्वा नाही, खुबा मोडून पडला तर शी-शू कोण काढणार, सगळं बोलून झालं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "साल्का, राजा माझ्या वयाचा आहे. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो कामाला. त्याने त्याचं केलं. मी आयुष्यभर नुसता तयार राहिलो." साल्काने रागारागाने वाडगे उचलले आणि आदळत धुतले.

साल्काचा बाप जत्रेत घोडे नाचवणारा होता. टाळी वाजली की मान लववणारे, शिट्टी ऐकली की दोन पायांवर उभे राहणारे घोडे बघतच ती वाढली. लग्नानंतर तिने ती विद्या कधी काढली नव्हती, कारण बिअरच्या गाडीला नाचणारा घोडा काय कामाचा? विंत्सेंतीची घोडी श्लिव्का जांभळट काळी, थोराड आणि खादाड. विधीतही तो तिच्यावरच बसणार होता. रोज सकाळी तो प्रार्थनेला गेला की साल्का तबेल्यात शिरे. पुढच्या पायाला पट्टा, हातात वाळकी काटकी, ॲप्रनच्या खिशात राय धान्याच्या काळ्या पावाच्या मीठ लावलेल्या कडा. काटकी कडकन मोडायची, पट्टा ओढायचा, घोडीने गुडघे टेकले की कड तोंडात द्यायची. पुढे पट्ट्याची गरज उरली नाही. नुसती कडकन काटकी मोडली की श्लिव्का गुडघ्यांवर बसे आणि ओठ हलवत खिशाकडे बघे.

साल्काचा बेत सरळ होता. मार्शलची काठी मोडेल, घोडी खाली बसेल, आणि म्हातारा एवढ्या उंचावरून कोसळायच्या ऐवजी हलकेच घरंगळेल. चिलखत तरीही वाजेल आणि खुबा वाचेल. त्याला सांगायचं मात्र नाही, कारण सांगितलं तर तो दुसरी घोडी मागेल. आपण नवऱ्याची जन्मभराची एकुलती एक गोष्ट त्याच्या पाठीमागे बदलतो आहोत, हे तिला कळत होतं. कळत असूनही ती रोज तबेल्यात जात राहिली.

चुलीपाशी मोडलेल्या काटक्यांचा ढीग वाढला. ऐन उन्हाळ्यात एवढं सरपण कशाला, असं विंत्सेंतीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, हिवाळा काय सांगून येतो? एकदा तर भर बाजारात कुणीतरी पेटीची फळी मोडली आणि श्लिव्का पिंपांसकट रस्त्यातच खाली बसली. सगळा बाजार हसला. विंत्सेंती मात्र घाबरून घरी आला. "हिचेही गुडघे गेले गं माझ्या खुब्यासारखे," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कापूर घातलेला व्होडका घेऊन घोडीचे गुडघे चोळत बसू लागला. स्वतःच्या खुब्याला लावायलाही उरेना. साल्का दारातून बघे आणि तिला भडभडून येई. दोन-तीनदा अगदी ओठांपर्यंत आलं, पण तिने गिळलं.

आणि एका दुपारी वावेलवरची, राजा गेला की वाजणारी मोठी झिगमुंट घंटा वाजली. ती घंटा ऐकली की क्राकूवमध्ये कुणी कुणाला काही विचारत नाही. विंत्सेंती अंगणात उभा होता. त्याने टोपी काढली, घंटा थांबेपर्यंत तसाच उभा राहिला आणि मग म्हणाला, "चल साल्का, दाढी करून दे."

अंत्यविधीच्या दिवशी साल्का बायकांच्या बाजूला पहिल्याच खांबापाशी उभी राहिली. सवयीने ॲप्रन तसाच होता, वरून काळी शाल. स्वार आत आला तेव्हा आजूबाजूच्या बायका हुंदके द्यायला लागल्या. हेल्मेटच्या झाकणीतून चेहरा दिसत नव्हता, आणि बसण्याची ढब हुबेहूब ओल्ब्राख्त राजाची होती. साल्काला तेवढा डावा पाय जरा आखडलेला दिसला. फरशीवर टापा वाजत होत्या. शवपेटीशेजारी काळ्या वेषात लुडगार्दा राणी ताठ उभी होती.

मार्शलने काठी मोडली.

श्लिव्काने गुडघे टेकले.

सगळं कॅथीड्रल श्वास रोखून राहिलं. स्वार क्षणभर खोगिरावरच गोंधळला. मग बाजूला कलला आणि खणखण वाजत फरशीवर घरंगळला, आणि निश्चल पडून राहिला. मुक्या जनावरानेही राजाला वंदन केलं, असं कुणीतरी म्हणालं आणि रडण्याचा एकच लोट उसळला. बिशपसुद्धा डोळे पुसत होते. साल्काला खरं तर सुटकेचा श्वास सोडायचा होता. पण तो असा पालथा पडलेला, हात पसरलेला, हलत नव्हता. हे सगळं आपणच घडवलं हे ती विसरली. ती इतकी रडली, की शेजारच्या बाईने तिला धरलं.

तेवढ्यात श्लिव्का उठली. तिला कड मिळाली नव्हती. ती सरळ खांबाकडे आली आणि साल्काच्या शालीत तोंड खुपसून खिसा हुंगू लागली. लोकांना वाटलं, जनावर दुःखाने मालकिणीकडे आलं. साल्काने कड काढून तिच्या तोंडात दिली. वर पाहिलं तर राणी तिच्याकडेच बघत होती.

रिवाजाप्रमाणे शेवटी राणीने पडणाऱ्याच्या बायकोला स्वतःच्या हाताने पाव मोडून द्यायचा असतो. आपलं पितळ उघडं पडलं, आता म्हाताऱ्याची अब्रू चव्हाट्यावर येणार, एवढंच साल्काच्या डोक्यात होतं. राणी जवळ आली, पाव तिच्या हातात ठेवला आणि हात तसाच धरून ठेवला.

"मीठ लावतेस का कडेला?" तिने हळूच विचारलं.

साल्काने मान हलवली.

"बरं केलंस. आपल्या दोघींपैकी एकीचा तरी नवरा घरी जाऊ दे."

घरी जाताना विंत्सेंती तिच्या चार पावलं पुढे राहिला. तो स्वतःच्या पायांनी चालत होता, रागाने पाय आपटत होता, आणि तो आपटता येतोय हे बघून साल्काला आतून बरं वाटत होतं. घरी आल्यावर त्याने चुलीजवळचा ढीग बघितला. त्यातली एक काटकी उचलली, तबेल्यात गेला आणि मोडली. आतून श्लिव्काचे गुडघे जमिनीला टेकल्याचा आवाज आला. मग तो बाहेर येऊन बाकावर बसला.

"जन्मभर एकच पडणं होतं माझ्या नशिबात," तो म्हणाला. "तेही तू मऊ केलंस."

"केलं," साल्का म्हणाली. "काय शिव्या द्यायच्या त्या दे."

तिने मग राणीचं बोलणं त्याला सांगितलं. पाव टेबलावर तसाच होता.

"तुला तर सगळं आधीच ठाऊक होतं," तो शेवटी म्हणाला. "मग तुझं रडणं मला आत हेल्मेटमध्ये कसं काय ऐकू आलं?"

"तू उठत नव्हतास ना, वित्सेक," ती त्याच्या लाडक्या नावाने म्हणाली.

त्याने पावाची कड मोडली, तिला मीठ लावलं, अर्धी साल्काच्या हातात दिली आणि उरलेली अर्धी घेऊन लंगडत तबेल्याकडे निघाला.