घुगरी उतरवलेला चेहरा

आमच्या बंजारा तांड्यातली भुरीबाई मारेगावच्या बाजारात गेली की भाजीआधी काटा पाहते. पारडं उचलून खालून. सुनेनं चहा दिला तर आधी सुनेलाच घोट घ्यायला लावते, असं सूनच सांगते. त्यातलं निम्मं मी सोडून देतो.

तर रेशनकार्डाच्या चेहरा-पडताळणीसाठी दुकानदार इंद्रजितनं तिच्यासमोर मोबाईल धरला, तेव्हा तिनं आधी मोबाईलची मागची बाजू पाहिली.

"यात कोन बसून हाये?"

"कोनी नाही, याडी." याडी म्हणजे आई, सगळा तांडा तिला तसंच म्हणतो. "फक्त तोंड ओयखते. डोये मिचकाव."

तिनं मिचकावले. चेहरा जुळत नाही. तीनदा तेच. महिनाअखेरपर्यंत जुळला नाही तर नाव कटणार आणि धान्य बंद.

रांगेत कुजबुज सुरू झाली. चाळीस वर्षांपासूनचा तिचा शेजारी फकिरा म्हणाला, "मशीन कायले खोटं बोलन?" अन् वीतभर दूर सरकला. खोटं कशाला सांगू, मीही तिच्या हनुवटीवरचं गोंदण एकदा तपासून घेतलं.

इंद्रजितनं मोबाईलवर तिचा नोंदणीतला जुना फोटो उघडला. तो तिचा नवरा हिरासिंग जिवंत असतानाचा. भुरीबाईच्या दोन्ही गालांवर चांदीच्या घुगऱ्या लोंबताहेत. नवरा गेला की आमच्यात बाई घुगऱ्या उतरवते. गोंधळ तिथंच असावा, हा इंद्रजितचा अंदाज. मशीन तर कारण सांगतच नाही.

"पाच मिनिटं घुगऱ्या घाल ना, याडी. कोन पाहून राह्यलं?"

भुरीबाई दुकानाच्या पायरीवर बसली. "आत कोनी नाही म्हनतं तू. मंग माहा नवरा मेला, हे कोनाले चालून नाही राह्यलं?"

तिनं इंद्रजितच्या खिशातल्या पेनाकडे बोट केलं.

"कागद घे. मी भुरीबाई नाही, असं लिही. खाली सही कर. मशीनची नको, तुही."

इंद्रजितनं पेन उघडलं, बंद केलं. लहानपणी शाळेतून येताना तो तिच्याच चुलीपाशी भाकर खायचा. शेवटी त्यानं लिहिलं, 'ही भुरीबाई हिरासिंग. मी ओळखतो.' खाली सही केली, धान्य मोजून दिलं.

तिनं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मग फकिराकडे सरकवला. "तूही कर, मशीनच्या भावा." त्यानं मुकाट सही केली.

कागद तहसीलमध्ये गेला आहे. तिथं तो कागद माणूस वाचणार की मशीन, हे विचारायला ती दर सोमवारी जाते.