शंभराला दोन कमी

लेस ट्रेमबाथला मी चाळीस वर्षं ओळखते आणि त्यातली निदान तीस वर्षं तो मला आवडत होता. नावडतीची दहा कुठली ते विचारू नका, ती सलग नाहीत.

मॅरिबँक हा आमचा क्लब, खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल, चेंडू पायाने मारायचा आणि हातानेही झेलायचा. क्लबाच्या मैदानावर दक्षिणेकडच्या गोलखांबांमागे, कुंपणाला चिकटून आमच्या जागा. कोपऱ्यात लेस, मग त्याची मुलगी जनीन, मग मी. हिवाळाभर दर शनिवारी मी थर्मासमध्ये चहा न्यायची, जनीन सॉसेज रोल आणायची आणि लेस फक्त तोंड आणायचा. सोमवार ते शुक्रवार तो रंगाच्या कारखान्यात डबे भरायचा. तिथे म्हणे दिवसभरात दहा शब्दही बोलत नसे. सगळा साठा आमच्यासाठी.

खेळाडू कसा निवडावा हे आख्ख्या मेलबर्नमध्ये एकट्या लेसला कळतं, असं लेसचं मत होतं. वर्षातून एकदा सगळे क्लब अठरा वर्षांची नवी पोरं पाळीपाळीने उचलतात. तळाला राहिलेल्या क्लबाची पाळी पहिली. आमची बहुधा लवकरच यायची, म्हणजे आम्ही कसे खेळायचो ते समजा. दर ऑक्टोबरला लेस क्लबाच्या निवडकर्त्यांना दहा-बारा पानी पत्र लिहायचा. उत्तरादाखल छापील आभाराचं कार्ड यायचं. ती कार्डं त्याने फ्रिजवर लावली होती, पदकं लावावीत तशी.

"पळणारी पोरं घेतात!" तो सांगायचा. "अरे, पळता कुत्र्यालाही येतं. चेंडू कुठे पडणार ते आधी कळायला हवं."

"मग कोणाला घ्यायचं?" मी मुद्दाम विचारायची. विचारलं नाही तर तो रुसायचा.

"गोठेवाल्यांची पोरं डोळे झाकून घ्या. पहाटे चारला उठलेली असतात. समुद्राकाठची नकोत, लाटा दिसल्या की सराव विसरतात. आणि पर्थची तर फुकट दिली तरी नकोत. अख्खा देश ओलांडून यायचं, आणि दोन वर्षांत आईच्या आठवणीने रडत परत जायचं."

एकदा त्याने नाकारलेला एक पोरगा खरंच पहिल्याच मोसमात गुडघा मोडून घरी बसला. झालं. एकदा बरोबर ठरलेला माणूस जन्मभर ऐकवतो.

ग्लेन होबन आमच्याकडे आला तो अशाच एका पाळीत. लेसच्या मनात गिप्सलँडचा एक गोठेवाल्याचा पोरगा होता, आणि क्लबाने उचलला शाळामास्तरचा मुलगा होबन. होबनचा गुन्हा एवढाच. तो बचावात खेळायचा, आमच्याच खांबांपुढे, म्हणजे लेसच्या तोंडापुढे. चेंडू झेलायच्या भानगडीत न पडता मुठीने ठोसून बाहेर काढायचा. काम व्हायचं, पण दिसायला सुंदर नव्हतं.

"होबन, आईला सांग बॅग भरायला!" लेस ओरडायचा. "होबन, हात घरी विसरलास काय रे!" आठ वर्षं. होबन एकदाही वळला नाही. आम्ही हसायचो. मीही हसायची, ते लपवत नाही.

आता फलकाचं सांगते. सामन्याआधी खेळाडू मैदानात येतात ते भलामोठा कागदी फलक फाडून. हा फलक आम्हीच करायचो. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात क्रेप पेपरचे रोल जमिनीवर पसरायचे आणि गुडघ्यांवर रांगत अक्षरं चिकटवायची. दोन तास खपून केलेली वस्तू दोन सेकंदांत फाटते, आणि आम्हाला त्याचाच आनंद. कोणाचा शंभरावा सामना असला की त्याचं नाव पुरुषभर उंचीचं. तेवढ्यासाठी खेळाडू वर्षानुवर्षं हाडं मोडून घेतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये होबनचे अठ्ठ्याण्णव सामने झाले होते. अठ्ठ्याण्णवाव्यात शेवटच्या मिनिटाला ओला चेंडू त्याच्या हातून निसटला आणि आम्ही एका गुणाने हरलो. पुढच्या गुरुवारी लेस सभागृहात आला तो वहीचा कागद घेऊन. स्वतःच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं निवेदन: 'आम्ही खाली सही करणारे ग्लेन होबनच्या शंभराव्या सामन्याचा फलक करणार नाही.' एकसष्ट सह्या झाल्या. पहिली लेसची, चौथी माझी. का केली? थंडी होती, हरलो होतो आणि लेसने पेन पुढे केलं. याहून मोठं कारण मला वीस वर्षांत सापडलेलं नाही.

जनीनने सही केली नाही. गोंदाचा ब्रश बादलीत टाकून ती उठली. "बाबा, तुम्हाला लाज वाटायला हवी," म्हणाली आणि निघून गेली. आम्हाला वाटलं, घरी गेली. ती गेली होती होबनच्या दारात, बापाच्या वतीने माफी मागायला.

लेसने तो कागद क्लबात पोचवला. क्लबाने होबनला पुढच्या सामन्यांतून वगळलं आणि मोसम संपताच रजा दिली. लेसने त्या दिवशी सगळ्यांना बिअर पाजली. "मी काढला त्याला, मी!" म्हणून टेबल बडवलं. सहा महिन्यांनी जनीनने घरी सांगितलं की ती ग्लेनशी लग्न करणार आहे. लग्नात भाषण करायला उठलेला लेस म्हणाला, "जावई निवडताना माझी पाळीच येऊ दिली नाही." लोक हसले. ग्लेनही हसला, पण तो तसा माणूसच सोशीक.

मग टेट जन्मला.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. लेसने ते टेप लावून मोजले. पोर चालायच्या आधी त्याच्या हातात लंबगोल चेंडू. पाचव्या वर्षी टेट डाव्या पायाने असा मारायचा की शेजारचा कुत्रा भुंकायचं सोडून बघत बसायचा. रोज शाळा सुटली की आजोबा आणि नातू घरामागच्या मैदानावर. मी कुंपणाशी उभी राहून बघायची. इतकं मऊ बोलताना मी लेसला कधी ऐकलं नव्हतं. "छान, राजा. पुन्हा एकदा. घाई नाही." हाच माणूस आठ वर्षं त्याच्या बापाला शिव्या देत होता, हे सांगूनही कोणाला पटलं नसतं.

ग्लेनने मुलाला एकच गोष्ट शिकवली. टेट दहा वर्षांचा असताना ती माझ्यासमोर सांगितली. "कुंपणाकडे बघायचं नाही. तिकडून नावाने हाक आली तरी वळायचं नाही. ऐकायला लागलास की संपलास." लेस तिथेच खुर्चीत बसून केळं सोलत होता. ते त्याने शेवटपर्यंत सोललं.

टेट सतरा वर्षांचा झाला, सहा फूट तीन इंच, बापासारखाच बचावात. वर्तमानपत्रात फोटो येऊ लागले. आता लेसला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: टेटच्या अंगावर मॅरिबँकची किरमिजी जर्सी. आणि त्यासाठी नियम आहेच. बाप एखाद्या क्लबासाठी शंभर सामने खेळला असेल, तर मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क. बाकीच्यांनी कितीही जिभल्या चाटल्या तरी क्लब म्हणू शकतो, हा आमच्या घरचा. बापाचे शंभर हवेत, अठ्ठ्याण्णव चालत नाहीत. पेपरवाल्यांनी मथळाच दिला: 'दोन सामन्यांनी हुकलं.'

लेस पेटला. "कोणत्या गाढवाने त्याला दोन सामने आधी काढलं? दोन! त्या प्रशिक्षकाला अक्कल होती का? मी तेव्हाच म्हणत होतो!"

तो खरंच तसं मानायला लागला होता. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, नाटक करतोय. पण नाही. वर्षभर दुकानात, बसमध्ये, डॉक्टरकडे, जिथे तिथे तेच. प्रशिक्षक गाढव, क्लब आंधळा. मी चहात साखर ढवळत बसायची. तोंड उघडायचं तर चौथी सही माझी होती.

आता आशा उरली ती साध्या पाळीची. मॅरिबँकची पाळी बारावी होती. तोवर कोणी टेटला उचललं नाही, तर आम्ही उचलणार. लेसने निवडकर्त्यांना एकोणीस पानी पत्र पाठवलं. नोव्हेंबरमध्ये निवडीच्या संध्याकाळी जनीनच्या घरी सगळे जमलो. अंगणात शेगडीवर सॉसेज भाजत होते, टीव्ही खिडकीत आणून ठेवला होता. लेसने खुर्चीखाली एक पिशवी ठेवली होती. मला हळूच दाखवली. किरमिजी जर्सी, पाठीवर छापलेलं होबन. ज्या नावाला त्याने आठ वर्षं झोडपलं, ते स्वतः दुकानात जाऊन छापून आणलं होतं.

सातव्या पाळीला पर्थच्या क्लबाने टेटचं नाव घेतलं.

शेजारीपाजारी टाळ्या वाजवायला लागले. टेट आईला बिलगला. अठरा वर्षांचं पोर, कोणीतरी घेतलं म्हणून त्याला आनंदच झाला होता. आणि त्यातच लेस उभा राहिला.

"पर्थ! दोन हजार मैलांवर! दोन सामने कमी पडले म्हणून! तो गाढव माझ्यासमोर आणा कोणीतरी!"

"जाऊ द्या," ग्लेन म्हणाला. "आज नको."

"का जाऊ द्या? तुझं वाटोळं केलं त्याने, आता माझ्या नातवाचं केलं! कोण होता तो गाढव, सांग ना!"

जनीन आत गेली. परत आली ती हातात एक पिवळा पडलेला कागद घेऊन. ग्लेन म्हणाला, "जनीन, नको." तिने ऐकलं नाही. पावाच्या टोपलीशेजारी कागद उलगडून ठेवला.

"गाढव बघायचंय ना, बाबा? वाचा. काढून टाकताना प्रशिक्षकाने हा ग्लेनच्या हातात दिला होता. म्हणाला, आमचेच लोक तुझा फलक करायला तयार नाहीत, मी काय करू?"

लेसने हात लावला नाही. टेटने उचलला. टेट वाचताना ओठ हलवतो, लहानपणापासूनची सवय.

"आजोबा," तो म्हणाला, "हे अक्षर तुमचं आहे. माझ्या वाढदिवसाच्या कार्डांवर असतं ते."

सॉसेज जळायला लागले तरी कोणी उठेना. टेटचं बोट सह्यांवरून खाली सरकलं आणि थांबलं. "बेव्हमावशी, तू पण?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"हरलेल्या आठवड्यात लोक कशावरही सही करतात," ग्लेन म्हणाला आणि चिमटा घेऊन शेगडीकडे गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

आता तरी लेस माफी मागेल, म्हणून मी त्याच्याकडे बघत होते. एक शब्द पुरला असता. तो म्हणाला, "पण त्या दिवशी तो चेंडू सोडायला नको होता त्याने."

जित्याची खोड. टेटने कागद घडी करून आईला दिला आणि आत गेला. जर्सीची पिशवी खुर्चीखालीच राहिली. निघताना मी ती उचलली; अजून माझ्या कपाटात आहे.

जूनमध्ये पर्थचा संघ आमच्या मैदानावर आला. ग्लेन आणि जनीन पलीकडच्या स्टँडमध्ये बसले. आम्ही दोघं आमच्या जागी, मधली खुर्ची रिकामी. टेटने या सहा-सात महिन्यांत लेसचा एकही फोन घेतला नव्हता. "आज दिसेल," लेस सकाळपासून म्हणत होता. "इथेच समोर खेळणार. बोलेल." गळ्यात मफलर किरमिजीच होता. तो काढायचं त्याला सुचलं नाही आणि मी सुचवलं नाही.

टेट मैदानात आला तसा मागून कोणीतरी बोंबललं, "होबन, आईला सांग बॅग भरायला!"

लेसचीच शिवी. वीस वर्षांत ती आमच्या कुंपणावरच्या पोरासोरांच्या तोंडी बसली होती, कोणाची ते कोणालाच माहीत नव्हतं. लेस वळला. "गप्प बस रे! नातू आहे माझा."

"मग आपल्याकडेच घ्यायचा ना, आजोबा!" तो म्हणाला, आणि पूर्ण रांग हसली.

सामन्याच्या तिसऱ्या सत्रात आमच्या पोराने मारलेला चेंडू खांबाला घासून बाहेर आला, कुंपणावर आपटला आणि नेमका लेसच्या मांडीवर पडला. आता बचाववाल्याने चेंडू घेऊन परत मैदानात मारायचा. तो मारणारा टेट. तो धावत आमच्याकडेच आला. चार हातांवर, घामाने निथळत, श्वास ऐकू येईल इतका जवळ.

लेस उठला. दोन्ही हातांनी चेंडू कुंपणावरून पुढे धरला. "टेट," म्हणाला. ओरडला नाही. घरामागच्या मैदानावर बोलायचा तसंच म्हणाला, "घे, राजा. घाई नाही."

खांबाशी जादा चेंडू ठेवलेला असतो. टेटने वाकून तो उचलला, पाठ फिरवली आणि डाव्या पायाने लांब मारला. फार सुंदर गेला तो चेंडू.

लेसचे हात अजून कुंपणावरच होते. रखवालदार आला आणि त्याच्या हातातला चेंडू काढून घेऊन गेला. मग लेस खाली बसला.

"गोंगाटात ऐकू गेलं नसेल," तो म्हणाला.

"नसेल," मी म्हटलं आणि त्याला चहा ओतून दिला.