उभा चेंडू

पाइपाच्या टोकावर ठेवलेल्या चेंडूला दोन बोटांनी टिचकी मारायची आणि म्हणायचं, "चेंडू उभा हाये ना वं पोरी, मंग तू काहून पळून राहिली?" आमच्या गल्लीत सॉफ्टबॉल खेळणाऱ्या प्रत्येक मुलीने हे ऐकलं आहे. म्हणणाऱ्या काकांनी मात्र जन्मात बॅट धरली नव्हती. ते कूलर दुरुस्त करायचे.

तुम्ही नागपूरचे असाल तर सांगायला नको, कूलरवाल्याला उन्हाळ्यापुरता मान असतो. पावसाळा लागला की त्याला कुणी ओळखत नाही. त्या रिकाम्या महिन्यांत काकांनी आपल्या मुलीसाठी, पल्लवीसाठी, घरच्या सरावाचं सामान बनवलं. चेंडू ठेवायचा स्टँड त्यांनी मैदानावर लांबून पाहिला होता, तेवढंच. खाली जुन्या कूलरचं लोखंड, त्यावर एकात एक सरकणारे दोन पाइप, टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. समोर गच्चीवर हिरवी जाळी. चेंडू ठेवायचा, मारायचा, जाळीखालून उचलून पुन्हा ठेवायचा. मुलगी उंच झाली की आतल्या पाइपाला नवं भोक पाडून खिळा त्यात अडकवायचा. पल्लवीच्या पाइपाला सहा भोकं झाली होती. मी तिची मैत्रीण, म्हणून मलाही एक स्टँड मिळाला. माझी चार.

पल्लवी माझ्यापेक्षा चांगली खेळायची. हा माझा आजचा मोठेपणा नाही, तेव्हाही सगळ्यांना दिसत होतं. तिचा चेंडू जाळीवर आदळला की आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि आई मला म्हणायची, "ऐक, लागली ती. तू बस लोळत."

राज्याच्या संघात एकच जागा उरली होती, पल्लवीला नाहीतर मला. त्या प्रमाणपत्रावर पुढे खेळाच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळू शकते, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. निवड करणाऱ्यांत बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. बाबांनी माझ्यासमोर फोन लावला. "पोरीकडे जरा लक्ष असू द्या साहेब," ते म्हणाले. मी जेवत होते. मी भातावर अजून वरण घेतलं.

यादीत माझं नाव आलं. पल्लवी राखीवमध्येसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका आले, हातात ड्रिल मशीन. मला वाटलं, आता भांडणार. भांडले असते तर बरं झालं असतं, मीही रागावून मोकळी झाले असते.

"उंची वाढली तुही," ते म्हणाले. "राज्याकडून खेळाले चालली, भोक वर घ्या लागन."

भोक पाडलं, खिळा बसवला, चेंडू ठेवला. टिचकी मारली नाही.

"पल्लवी तुह्यापेक्षा चांगली मारते, हे तुले माहीत हाये ना?"

"हो काका."

"बस. मले तेवढंच तुह्या तोंडून आयकायचं होतं."

पुढच्या उन्हाळ्यात ते आमचा कूलर सुरू करायला आले. गच्चीवरच्या टाकीतून पाणी आणायला पाइप थोडा कमी पडत होता. काकांनी पिशवीतून एक तुकडा काढून जोडला. त्यावर ओळीने सहा भोकं होती, पुट्टी भरून बुजवलेली.

"पल्लवी कशी आहे?" मी विचारलं.

"मिहानमधल्या एका कंपनीत जाते, पॅकिंगच्या कामाले. जाळी काढून टाकली मी."

मला नोकरी लागली. काका वारले तेव्हा मी ऑफिसात होते. सुटी मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही, कारण तिथे पल्लवी असणार होती.

यंदा कूलरला दुसराच माणूस आला. काकांनी जोडलेल्या पाइपाच्या वरच्या भोकातून पाणी ठिबकत होतं. त्याने तो काढून हातात फिरवला.

"मॅडम, हा बदलून टाकतो. भोकंच भोकं हाये याले. कोनं पाडली असतीन?"

"काय माहीत," मी म्हटलं.