मोठ्यानं सांगितलेला पेपर

कुणाविषयी लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण शेजारच्या काकूंचे थोरले, ज्यांना आमची अख्खी चाळ दादा म्हणायची, त्यांच्यासारखा माणूस ठाकुर्लीत दुसरा झाला नाही, एवढं मी खात्रीनं सांगते.

दादांना जन्मापासून दिसत नव्हतं. बी.ए.चे पेपर ते तोंडी सांगत आणि लेखनिक लिहून घेई. त्या सवयीनं ते घरीही विरामचिन्हांसकट बोलत. "आई, स्वल्पविराम, भाजी खारट झालीय, पूर्णविराम." काकू आतून म्हणायच्या, "मग पाणी पी, पूर्णविराम." लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणून त्यांनी अकरावीतल्या आम्हा मैत्रिणींना बोलावलं आणि नुसता कागदावरचा पेनाचा आवाज ऐकून मला निवडलं. म्हणाले, "अगं, तुझं पेन मध्येच विचार करत नाही. मला तेच हवंय."

शेवटच्या वर्षाला ते एकदा नापास झाले होते. सगळ्यांच्यात बसवून कुजबुजत सांगायला लावलेलं. निम्मं लेखनिकाला ऐकूच गेलं नव्हतं. आता पुन्हा नापास झाले तर वडील शिक्षण बंद करणार होते. म्हणून डोंबिवलीच्या केंद्रावर त्यांनी वेगळी खोली आणि अर्धा तास जादा मागितला. पर्यवेक्षक म्हणाले, "तशी पद्धत नाही. इथेच बसा."

"बसतो की, सर," म्हणून दादांनी घसा साफ केला आणि पहिलं उत्तर खणखणीत आवाजात सुरू केलं. मी मान खाली घालून लिहीत होते. बघता बघता हॉलभर पेनं चालू लागली. मागून कुणीतरी अदबीनं म्हणालं, "दादा, शेवटची ओळ परत एकदा." लगेच आम्हाला खेळाच्या सामानाची खोली मिळाली.

जादा अर्धा तास मात्र मिळाला नाही. घंटा झाली तेव्हा वाक्य अर्धं होतं. सरांनी पेपर ओढून घेतला, तरी दादा कॅरम बोर्डांमध्ये बसून उत्तर संपेपर्यंत बोलत राहिले, जरा हळू.

निकालाआधीच आम्ही शहाडला राहायला गेलो आणि विचारायचं राहूनच गेलं. परवा कल्याणला काकू भेटल्या. दादा पास झाले होते. आता शाळेत शिकवतात. परीक्षेला न दिसणारं मूल असलं, की त्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसतात. जादा वेळ संपेपर्यंत कुणाला आत सोडत नाहीत.

"पण काकू, आता तर जादा वेळेचा कायदा झालाय ना, मग राखण कशाला?"

"झालाय की," काकू म्हणाल्या. "म्हणून तर बसतो. आधी त्याला खुर्ची कुणी दिली असती?"